१९५५ ते १९९५: दरवर्षीचे सर्वांत गाजलेले गाणे कसे ठरवावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातील एका कुटुंबात यंत्रमाग कारखान्यातून जॉबर म्हणून निवृत्त झालेल्या वडिलांची पंचाहत्तरी आहे. त्यानिमित्त १९५५ पासून १९९५ पर्यंत, म्हणजे त्यांच्या वयाच्या पाचव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत, प्रत्येक वर्षाचे सर्वांत गाजलेले एकेक हिंदी गाणे तीन तासांच्या कार्यक्रमात सादर करावे, अशी मुलांची इच्छा आहे. मात्र इंटरनेटवर मिळालेल्या तीन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. १९६९ साठी एका यादीत ‘आराधना’चे गाणे आहे, तर दुसरीत ‘इंतकाम’चे, १९६४ साठी कोणी ‘संगम’ लिहिले आहे, तर कोणी ‘वो कौन थी’. यांतील खरी यादी कोणती आणि एकेचाळीस गाणी तीन तासांत कशी बसवावीत, असे त्यांनी विचारले आहे.

मी सोलापुरात गेली ४५ वर्षे वाद्यवृंदात आधी ॲकॉर्डियन आणि पुढे कीबोर्ड वाजवत आलो आहे, आणि अशा प्रकारचे कार्यक्रम अनेकदा बसवले आहेत. त्या अनुभवावरून आधी निष्कर्ष सांगतो आणि मग कारणे देतो. ‘बिनाका गीतमाला’ या रेडिओवरील गाण्यांच्या मालिकेच्या वार्षिक यादीतील पहिले गाणे हाच कार्यक्रमाचा कणा ठेवावा, आणि त्या यादीत आज कोणाला न आठवणारे गाणे आले म्हणून ते काढून त्याच्या जागी आजचे लोकप्रिय गाणे घालू नये. कार्यक्रमाचा खरा जीव त्या विसरलेल्या गाण्यांतच असतो.

वर्षातले सर्वांत गाजलेले गाणे ठरवायचे, तर कोणीतरी मोजदाद केलेली असावी लागते. अमेरिकेत ते काम ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाने केले. त्याची शंभर गाण्यांची प्रसिद्ध यादी ऑगस्ट १९५८ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात तबकड्यांची विक्री व रेडिओवरील वाजणे या दोन्हींचा हिशेब असे. आपल्याकडे चित्रपटगीतांची अशी मोजदाद सातत्याने झाली ती रेडिओ सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील केंद्रावर. त्याला एक कारण घडले. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीते जवळजवळ बंद झाली आणि श्रोते शॉर्टवेव्हवर सिलोनकडे वळले. त्याच वर्षी ३ डिसेंबरला, बुधवारी, अमीन सायानी यांच्या निवेदनाने गीतमाला सुरू झाली. आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू केली खरी, परंतु तोपर्यंत बुधवारची रात्र सिलोनच्या नावावर लागून गेली होती.

गीतमालेत गाण्यांचा क्रम दोन गोष्टींवरून लागे: तबकड्यांच्या दुकानांतून कळणारी विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांकडून येणाऱ्या फर्माईशी. आठवड्याच्या क्रमाला सायानी ‘पायदान’ म्हणत, आणि वर्षअखेरीस साऱ्या वर्षाच्या हिशेबावरून वार्षिक यादी लागे. या पद्धतीत उणिवा होत्या. ज्या चित्रपटाची चार गाणी एकाच वेळी गाजत, त्याच्या फर्माईशी चार ठिकाणी वाटल्या जात. एकच गाणे चाललेला चित्रपट त्याच्या पुढे निघून जाई. तरीही एकाच पद्धतीने, एकाच आवाजात, चाळीस वर्षे झालेली दुसरी मोजदाद आपल्याकडे नाही. इंटरनेटवरील बहुतेक याद्या आजची ऐकण्याची संख्या पाहून मागे जाऊन तयार केलेल्या आहेत. आज कोणते जुने गाणे आवडते, एवढेच त्या सांगतात.

माझ्याकडे लांबट आकाराची, हिशेबाच्या कागदाची एक वही आहे. तिच्या डाव्या बाजूला मी बुधवारी ऐकलेले पायदान लिहीत असे, आणि वाद्यवृंदात लागल्यावर उजव्या बाजूला गायकाची पट्टी, म्हणजे तो कोणत्या सुरात गातो, काळी दोन की पांढरी चार, अशी नोंद करू लागलो. सिलोनचा आवाज लाटेसारखा येत-जात असल्यामुळे काही आठवड्यांच्या नोंदींत एखादे पायदान रिकामे राहिले आहे. वार्षिक यादीतील पहिले गाणे मात्र दर वर्षी दोनदा ऐकून, घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारून लिहिलेले आहे. ती यादी खाली देतो.

१९५५ चे पहिले गाणे ‘श्री ४२०’मधील ‘मेरा जूता है जापानी’, १९५६ चे ‘सी.आय.डी.’मधील ‘ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ’, आणि १९५७ चे ‘जनम जनम के फेरे’ या पौराणिक धाटणीच्या चित्रपटातील ‘ज़रा सामने तो आओ छलिये’. या तिसऱ्या नावाशी थोडे थांबायला हवे. १९५७ हे ‘मदर इंडिया’, ‘नया दौर’ आणि ‘प्यासा’ यांचे वर्ष. नौशाद, ओ. पी. नय्यर आणि सचिनदेव बर्मन या तिघा संगीतकारांच्या ऐन बहरातल्या कामाला मागे टाकून एस. एन. त्रिपाठी यांच्या, भरत व्यास यांनी लिहिलेल्या गाण्याने पहिले पायदान मिळवले. आजच्या कोणत्याही ‘सुवर्णकाळ’ यादीत हे नाव वर दिसणार नाही.

१९५८ मध्ये ‘सोलवा साल’चे ‘है अपना दिल तो आवारा’ आणि १९५९ मध्ये ‘चलती का नाम गाड़ी’चे ‘हाल कैसा है जनाब का’ ही दोन्ही सचिनदेव बर्मन यांची. १९६० मध्ये ‘मुग़ल-ए-आज़म’ असूनही मान ‘बरसात की रात’च्या ‘ज़िंदगी भर नहीं भूलेगी’ला गेला. त्यानंतर १९६१ ‘तेरी प्यारी प्यारी सूरत को’ (ससुराल), १९६२ ‘एहसान तेरा होगा मुझ पर’ (जंगली), १९६३ ‘जो वादा किया वो’ (ताजमहल), १९६४ ‘बोल राधा बोल’ (संगम), १९६५ ‘जिस दिल में बसा था प्यार तेरा’ (सहेली), १९६६ ‘बहारों फूल बरसाओ’ (सूरज), १९६७ ‘सावन का महीना’ (मिलन), १९६८ ‘दिल विल प्यार व्यार’ (शागिर्द), १९६९ ‘कैसे रहूँ चुप’ (इंतकाम) आणि १९७० ‘बिंदिया चमकेगी’ (दो रास्ते). ‘सूरज’चे गाणे तर आजही सोलापुरातील कोणत्याही बँडला वरातीत वाजवावेच लागते, त्यामुळे त्याची तालीम न करताही ते चांगले होते.

१९७१ ‘ज़िंदगी एक सफ़र है सुहाना’ (अंदाज़), १९७२ ‘दम मारो दम’ (हरे रामा हरे कृष्णा), १९७३ ‘यारी है ईमान मेरा’ (ज़ंजीर), १९७४ ‘मेरा जीवन कोरा काग़ज़’ (कोरा काग़ज़). १९७५ मध्ये ‘रोटी कपड़ा और मकान’मधील महागाईवरची कव्वाली पहिली आली. १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातील लोकांनी रेशनवरची लाल मिलो ज्वारी खाल्ली होती, रोजगाराच्या कामावर खडी फोडली होती, आणि त्या पाठोपाठ भाव चढत गेले होते. अशा वेळी साखर, पीठ आणि रेशनची रांग यांची नावे घेणारे गाणे हॉटेलांतील रेडिओवर लागले की माणसे चहाचा कप हातात धरून उभी राहत. वडिलांचे वय तेव्हा पंचवीस होते. हे गाणे कोणत्याही परिस्थितीत गाळू नये. त्याला चार आवाज लागतात, म्हणून वाद्यवृंदाला ते आधी सांगून ठेवावे.

पुढे १९७६ ‘कभी कभी मेरे दिल में’, १९७७ ‘हुस्न हाज़िर है’ (लैला मजनू), १९७८ ‘अँखियों के झरोखों से’, १९७९ ‘खइके पान बनारस वाला’ (डॉन) आणि १९८० ‘डफली वाले’ (सरगम). या टप्प्यावर निवेदकाला सांगण्यासारखे पुष्कळ आहे, कारण यादी वाचताना काही वर्षांशी एकेका कलावंताचे जाणे जोडलेले दिसते. ‘अंदाज़’चे गाणे पहिले आले त्याच १९७१ च्या सप्टेंबरमध्ये संगीतकार जयकिशन गेले. ‘कभी कभी’च्या वर्षी, २७ ऑगस्ट १९७६ रोजी, मुकेश गेले. ‘डफली वाले’च्या वर्षी, ३१ जुलै १९८० रोजी, मोहम्मद रफी गेले. मदनमोहन यांच्या बाबतीत तर मनाला चटका बसतो: हयातीत त्यांच्या एकाही गाण्याला वर्षाचे पहिले पायदान मिळाले नाही, जुलै १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि १९७७ मध्ये ‘लैला मजनू’च्या गाण्याने तो मान त्यांच्या नावावर लागला. ज्यांच्या गझलांवर आज कार्यक्रमांचे कार्यक्रम होतात, त्या संगीतकाराला फर्माईशींच्या हिशेबाने इतकी वाट पाहायला लावली, हे मला आजही सोसत नाही. राहुलदेव बर्मन यांच्याही नावावर या यादीत ‘दम मारो दम’ हे एकच गाणे आहे. लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांची मात्र गीतमालेच्या १९५३ ते १९९३ या एकेचाळीस वार्षिक याद्यांत अकरा आहेत.

ऐंशीनंतरची यादी भरभर देतो: १९८१ ‘मेरे अंगने में’ (लावारिस), १९८२ ‘अंग्रेज़ी में कहते हैं’ (ख़ुद्दार), १९८३ ‘शायद मेरी शादी का ख़याल’ (सौतन), १९८४ ‘तू मेरा हीरो है’ (हीरो), १९८५ ‘सुन साहिबा सुन’ (राम तेरी गंगा मैली), १९८६ ‘यशोदा का नंदलाला’ (संजोग), १९८७ ‘चिट्ठी आई है’ (नाम), १९८८ ‘पापा कहते हैं’ (क़यामत से क़यामत तक), १९८९ ‘माय नेम इज़ लखन’ (राम लखन), १९९० ‘गोरी हैं कलाइयाँ’ (आज का अर्जुन), १९९१ ‘देखा है पहली बार’ (साजन), १९९२ ‘मैंने प्यार तुम्हीं से किया है’ (फूल और काँटे), १९९३ ‘चोली के पीछे’ (खलनायक). यांतील ‘सौतन’चे संगीत उषा खन्ना यांचे आहे, या संपूर्ण यादीत स्त्री संगीतकाराचे ते एकच नाव असल्यामुळे निवेदनात त्याचा उल्लेख जरूर करावा.

आता याद्यांमधील फरकाविषयी. पहिला फरक सालाचा आहे. ‘जंगली’ १९६१ चा चित्रपट, पण गाणे पहिले आले १९६२ मध्ये. ‘डॉन’ १९७८ चा आणि मान १९७९ चा. ‘सरगम’, ‘हीरो’, ‘नाम’ यांचेही तसेच. वरील यादीत अशी दहापेक्षा जास्त गाणी आहेत. चित्रपट वर्षाच्या उत्तरार्धात लागला की फर्माईशींचा जोर पुढच्या वर्षी येई, शिवाय प्रिंट कमी असल्याने मुंबईत लागलेला चित्रपट आमच्याकडे बऱ्याच उशिरा लागे. म्हणून चित्रपटाचे साल धरणारी यादी आणि गीतमालेची यादी यांत एका वर्षाचे अंतर पडते, आणि त्यात चूक कोणाचीच नसते. कार्यक्रमासाठी मी गीतमालेचे साल धरतो, कारण श्रोत्याच्या मनात गाणे ज्या वर्षी घर करून बसले, ते तेच असते.

दुसरा फरक अधिक खोल आहे. ‘लग जा गले’ आज घरोघरी गायले जाते, पण १९६४ मध्ये ते वर्षाचे पहिले गाणे नव्हते. ‘आराधना’च्या गाण्यांनी पुढे एक पिढी घडवली, पण १९६९ चे पहिले पायदान ‘इंतकाम’च्या गाण्याचे होते. आयोजक येथे मोह आवरू शकत नाहीत. एका कार्यक्रमात माझ्यावरही असा दबाव आला आणि मी १९५७, १९६५ व १९६९ ही तिन्ही गाणी बदलली. कार्यक्रम उत्तम झाला, टाळ्या मिळाल्या, वन्स मोअर झाले; पण लोक जे दररोज मोबाइलवर ऐकतात तेच ऐकून घरी गेले. पुढच्या वेळी मी ती तिन्ही गाणी परत घेतली. ‘ज़रा सामने तो आओ छलिये’चा मुखडा सुरू झाला तेव्हा तिसऱ्या रांगेतले एक निवृत्त गिरणी कामगार खुर्चीच्या दांडीवर बोटांनी ठेका धरू लागले, आणि दुसऱ्या कडव्याला त्यांचा हात थांबला. मध्यंतरात ते स्वतः मंचामागे आले. बाळीवेशीतील एका हॉटेलचा मालक बुधवारी रेडिओ उचलून रस्त्याकडे तोंड करून ठेवत असे, दुसऱ्या पाळीला जाणारे लोक सायकलचा एक पाय जमिनीवर टेकवून ऐकत, आणि हे गाणे आपण त्यानंतर आज पहिल्यांदाच ऐकले, असे त्यांनी सांगितले. जे गाणे सतत कानांवर पडत राहते, त्यावर नंतरच्या सगळ्या वर्षांच्या आठवणींचे थर चढतात. जे मध्येच ऐकू येईनासे होते, ते आपल्या वर्षासकट जसेच्या तसे राहते. वडिलांना त्यांचे १९५७ परत द्यायचे असेल, तर ते याच गाण्यातून देता येईल.

सोलापूरसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. येथे वर्षाचे गाजलेले गाणे एका भाषेतले नसते. पाहुण्यांमध्ये पूर्व भागातील तेलुगू भाषक शेजारी आणि कारखान्यातील जुने सहकारी असणारच. त्यांच्यासाठी वेगळे काही शोधण्याची फारशी गरज नाही, कारण यादीतच दुवा आहे: ‘सरगम’ आणि ‘संजोग’ हे दोन्ही चित्रपट दिग्दर्शक के. विश्वनाथ यांनी स्वतःच्याच तेलुगू चित्रपटांवरून केले होते. ‘सरगम’चे मूळ म्हणजे १९७६ चा ‘सिरि सिरि मुव्वा’. ‘डफली वाले’च्या निवेदनात एवढे वाक्य सांगितले, तरी पूर्व भागाकडच्या रांगांतून दाद येते. त्याच विश्वनाथांचा ‘शंकराभरणम’ १९८० चा. वेळ असेल तर त्यातील एक गाणे १९८० ला जोड म्हणून घ्यावे. मराठी गाण्यांची अशी वार्षिक मोजदाद झालेली नाही, म्हणून मराठीचा क्रम लावू नये. मात्र १९७८ च्या ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’मधील ‘ढगाला लागली कळं’ आणि १९७९ च्या ‘अष्टविनायक’मधील महिमागीत यांचा त्या वर्षांतील जोर मी स्वतः पाहिलेला आहे, हिंदी गाण्यानंतर त्यांचा एकेक मुखडा शोभून दिसेल.

गीतमाला १९८९ मध्ये विविध भारतीवर आली, पण तोपर्यंत कॅसेट आणि दूरदर्शन यांनी गाणी पोचवण्याची वाट बदलली होती. १९९३ नंतरच्या दोन वर्षांसाठी मी वाद्यवृंदाकडे प्रत्यक्ष आलेल्या फर्माईशींचा आधार घेतो. त्यानुसार १९९४ साठी ‘हम आपके हैं कौन’मधील ‘दीदी तेरा देवर दीवाना’ याबद्दल मला शंका नाही. १९९५ साठी ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएँगे’चे गाणे सुचवले जाते, पण तो चित्रपट ऑक्टोबरमध्ये आला आणि त्याचे खरे वर्ष १९९६. त्याऐवजी अलिशा चिनॉय यांचे, बिद्दू यांनी संगीत दिलेले ‘मेड इन इंडिया’ घ्यावे. यादीतील चित्रपटाबाहेरचे ते एकमेव गाणे ठरेल आणि नव्वदीतल्या बदलाची खूण त्यातून उमटेल. नातवंडे ‘झिंगाट’ मागतील, आणि २०१६ च्या त्या गाण्यामागचे नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले असल्याने त्यांना नकार देऊ नये. ते एकेचाळिसाव्या गाण्यानंतर, यादीबाहेर घ्यावे.

शेवटी वेळेचा हिशेब. एक गाणे निवेदनासह साडेपाच मिनिटे धरले, तर एकेचाळीस गाण्यांना पावणेचार तास लागतात आणि मध्यंतर वेगळे. म्हणून बावीस गाणी पूर्ण घ्यावीत आणि उरलेली एकोणीस मुखडा व एक अंतरा एवढीच, पाच-पाच वर्षांच्या माळेत ओवून घ्यावीत. माळेत शेजारची गाणी एकाच पट्टीत आणि जवळच्या लयीत असली, तर जोड दिसत नाही. १९६६ ते १९६८ ही माळ मी तशी अनेकदा वाजवली आहे. पूर्ण गाण्यांत १९५७, १९६५, १९६९, १९७५ आणि वडिलांच्या लग्नाचे वर्ष ही नक्की असावीत. ‘सहेली’ आणि ‘इंतकाम’च्या गाण्यांचे तयार ट्रॅक बहुधा चांगले मिळत नाहीत, म्हणून ती दोन्ही जिवंत साथीवर घ्यावीत, गायकांना शब्द व मूळ ध्वनिमुद्रण किमान पंधरा दिवस आधी द्यावे, आणि ढोलकवादकाला तालमीला आवर्जून बोलवावे. मधले पीस, म्हणजे कडव्यांमधले वादनाचे तुकडे, त्याने कानांनी ऐकलेले नसतील, तर कार्यक्रमाच्या दिवशी ते सापडत नाहीत.